बाबासाठी तरंगतं घर

२५ जुलै, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. पुढे लोक विचारतील, आयडिया कधी सुचली? तर काल, यूट्यूब बघताना. बांबू, निळे ड्रम, वर सोलर. घर खाडीवर तरंगणार. कडेने लावलेलं गवत केमिकल शोषणार. सिमेंट झीरो.
विषय अर्जंट आहे. आमच्या कोलशेतच्या खोलीत भरतीचं काळं पाणी शिरतं, बाबाचा दमा वाढलाय. वर्षालीताई नारळी पुनवेनंतर त्याला मानपाड्याला आपल्या फ्लॅटवर नेणार. बाबा म्हणाला, खारीकडे (खाडीला तो खारीच म्हणतो) कोरडी जागा असंल तर मी कशाला जातंय? म्हणजे दोन आठवडे. आरामात.

२७ जुलै
बांबू बघायला कल्याणला गेलेलो. दुर्गाडीजवळ एक जण घोड्याला अंघोळ घालत होता. घोडा दिवसाला किती खातो, सगळी माहिती मिळाली. बांबू उद्या.

२९ जुलै
लोगो झाला. सर्वेशने विचारलं, तुला बांधता येतं का? म्हटलं, आयटीआयला दोन महिने होतो. तो म्हणाला, वेल्डिंगला होतास, तेपण कँटीनमध्ये. दोस्त आहे, पण निगेटिव्ह.
तरी ड्रम त्यानेच आणून दिले.

१ ऑगस्ट
ड्रम एकत्र बांधून खाडीतल्या खांबाला दोरांनी अडकवले. दोन दिवस भरती बघून खांबावर खूण केली, दोर तेवढेच ठेवले. जास्त सोडले तर घर वाहत जाईल. सायंटिफिक काम.
बाबा बांधावरून म्हणाला, आष्टमीचं पानी हाय रे ते, भांगाचं. या दिवसांत कमीच चढतं. पुनवेचं उधान बघ.
जुन्या लोकांना डेटा कळत नाही.

३ ऑगस्ट
बांबू थोडेच मिळाले, जमिनीला पुरेनात. बाबाची होडी तीन वर्षं उपडी पडलेली. रियूज हाच खरा सस्टेनेबल. बाबा दम्याच्या औषधाला गेलेला, तेवढ्यात खोलून टाकली. फळ्या सागाच्या, एक नंबर. सरप्राइज.

४ ऑगस्ट
सकाळी बाबा बांधावर आला. खाली बसला, एका फळीवरून हात फिरवला. इमोशनल झाला असावा.
संध्याकाळी ताईचा फोन. म्हणाली, अरे येड्या, पुनवेला होडी रंगवून पाण्यात घालणार होता तो. माझ्याकडून रंग मागवलेला.
मला कोणी सांगितलंच नाही. आमच्या घरात कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम आहे.

८ ऑगस्ट, नारळी पुनव
गृहप्रवेश. बाबा येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. माझ्या दारातून खाडीत नारळ सोडला. मला वाटलं, जिंकलो.
दुपारी पाणी चढत गेलं. घर थोडं वर आलं आणि अडकलं. दोर तेवढेच ना. मग पाणी आत यायला लागलं, काळं, वर तेलाचा तवंग. गादी तरंगली, घर नाही. बाबाने कंबरभर पाण्यात उतरून कोयत्याने दोर तोडले. मला दंडाला धरून बांधावर ओढलं आणि खूप वेळ खोकत बसला. म्हणाला, कोळ्याचा पोर तू.


१० ऑगस्ट
ताई रिक्षा घेऊन आली. बाबाचं सामान एका पिशवीत मावलं. मी म्हटलं, बाबा, फक्त दोरांची चूक होती, पुढच्या वेळी लांब ठेवतो. बाबा म्हणाला, हो ठेव. नेहमीसारखा वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.
रिक्षा मानपाड्याकडे गेली. मी मागून हात केला. त्याने बघितलं असेल.

१६ ऑगस्ट
नवीन डिझाइन काढायला बसलेलो, तर ताईचा फोन. म्हणाली, बाबा आठवडाभर नीट जेवत नाय, तू बोल जरा. मी बोलत बोलत बांधावर गेलो, म्हणजे त्याला इथली हवाच देता येईल.
बाबाने विचारलं, खारीवर हायस का? म्हटलं, हो, समोरच उभा आहे. पानी कसं हाय? म्हटलं, मस्त, साफ होत चाललंय. वास? म्हटलं, अजिबात नाय.
बाबा म्हणाला, मंग तू तिथं नायस.
होतो. रुमाल नाकाला लावून, अगदी काठावर. पण तोवर त्याने फोन ताईकडे दिला होता.