आग्या मोहोळानंतर

६ मार्च १९३८, वैशाखरे
मुरबाडहून बैलगाडीनं दुपारी पोचलो. ह्यांची इथल्या शाळेवर मास्तर म्हणून नेमणूक झालीय. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, मागं थेट डोंगर. सात महिन्यांची कमळ वाटभर झोपली आणि घर आल्यावर नेमकी उठून हसली. पाणी भरायला वाडीवरची लहानी नावाची बाई येणार आहे. तिनं आल्या आल्या आधी कमळला उचललं, मग हंडा. मला हे गाव आवडणार.

१५ मार्च
नदीवर धुणं धूत होते. घारीनं सावरीच्या झाडावरचं आग्या मोहोळ उठवलं. माशा आल्या तशी मी कमळला पोटाखाली घेऊन पालथी पडले. लहानीनं ओलं लुगडं आमच्यावर टाकलं, नाहीतर जगलो नसतो. नंतर तिनं माझ्या पाठीतले, मानेतले काटे उपटले. साठानंतर मोजायचं सोडलं. कमळला एकही डंख नाही. ताप भरलाय, पण मन खुशीत आहे.

२४ मार्च
सूज उतरली. सकाळपासून पावलांना मुंग्या येताहेत. मांडी घालून बसल्यामुळं असेल.

२६ मार्च
अंगणात पडले. पाय आहेत, पण ऐकत नाहीत. ह्यांनी सुई टोचून पाहिली. गुडघ्यापर्यंत कळलं नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

२८ मार्च
मुरबाडचे डॉक्टर येऊन गेले. विष उतरल्यावरही मागाहून नसा अशा लुळ्या पडतात, पण लाखात एखाद्याच्या, म्हणाले. औषध नाही. छातीपर्यंत चढलं नाही तर आपोआप उतरेल. चढलं तर काय, हे ह्यांनी त्यांना बाहेर नेऊन विचारलं.

२९ मार्च
कंबर गेली. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी स्वतःला चाचपते — कुठवर उरलेय. माझ्या दुधानं कमळला काही होईल का, असं लहानीला विचारलं.
"नाय गो बाय. तू पाज तिला. मी धरते."

३० मार्च
बोटं गेली. ह्यांनी पेन्सिल मुठीत बांधून दिलीय. कमळला घेता येत नाही. लहानी तिला माझ्या अंगाला लावते. पिते ते दिसतं — कळत नाही —

३१
पाणी गिळताना ठसका. श्वास ओढून घ्यावा लागतो — हे उशाशी रडतात. म्हटलं, पुन्हा तसंच झालं तरी मी पालथीच पडेन —

१ एप्रिल
कमळ छातीवर निजलीय. तिचा भार — श्वास पुरत नाही — उचला म्हणायला आवाज —
नको. असू दे. अजून थोडा वेळ ति