मापाला दिलेला निळा टॉप

आई, आज दुकानाला सुट्टी आहे आणि मी कटिंगच्या टेबलावर, पॅटर्नच्या खाकी कागदावर तुला लिहितोय. बसवत नाही. दोनदा उठून पाणी प्यायलो, शटर अर्धं वर केलं, पुन्हा खाली घेतलं. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो, त्यानंतरचं तुला काहीच ठाऊक नाही. कॉलेज मी मधेच सोडलं. बाबा अजून नीट बोलत नाहीत. लोधिवलीला घरी गेलो की ताट पुढे सरकवतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. मी दहिवलीत लेडीज टॉपच्या एका दुकानात कटिंग करतो. मोठ्या मापाचे टॉप. मागच्या खोलीत शिवतो, पुढे विकतो. तुला हसू येईल. तुझ्या मशीनला हात लावला की तू फटका मारायचीस.

इथले मालक मीडियमचा पॅटर्न घेतात आणि चारी बाजूंनी सारखा वाढवत नेतात. ट्रिपल एक्सेल, फोर एक्सेल, सगळं तसंच. त्यानं काय होतं ते तुला सांगायला नको. गळा पुढे लोंबतो, खांद्याची शिलाई दंडावर उतरते, आणि तरी बाही दंडात रुततेच. छातीवर कापड खेचलं जातं, म्हणून पुढचा घेर मागच्यापेक्षा वर चढतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आपलं स्वयंपाकघर आठवलं. दाराशी मशीन, गॅसवर भात, आणि तू शेजारच्या काकूंच्या ब्लाउजच्या कापडावर खडूनं रेघ मारत म्हणतेस, "अंग काय सगळीकडं सारखं वाढतं व्हय रं? खांदा हाडाचा हाय, तो हाय तेवढाच ऱ्हातो. छातीला कापड दे, दंडाला दे. गळ्याला देऊ नको." माझं लक्ष भाताकडे होतं. तरी हे डोक्यात कधी शिरून बसलं, कळलं नाही.

आता तिच्याबद्दल. कॉलेजात ती माझ्याच वर्गात होती. मोहोपाड्याला कॉलनीत राहते, कॉलेज पूर्ण करून तिथल्याच एका ऑफिसात लागलीय. अंगानं भरलेली आहे, हसायला लागली की आधी खांदे हसतात. मला ती आवडते, आई. नुसतं आवडते म्हणून भागत नाही, जेवण जात नाही. दिवाळीच्या आधी ती मैत्रिणीला घेऊन आमच्या दुकानात आली. ट्रायल रूममधून बाहेर पडली तर टॉप पुढून वर चढलेला, हात वर करता येईना. काउंटरवरची ताई म्हणाली, मॅडम, तुमच्या साइजला असंच बसतं. माझं डोकं फिरलं. मी मागून कात्रीसकट बाहेर आलो आणि गिऱ्हाइकांसमोर मालकांना नको ते बोललो. तिच्या अंगात खोट नाही, तुमच्या कागदात आहे, असं काहीबाही. सगळं दुकान वळून तिच्याकडे बघायला लागलं. ती कपडे बदलून निघून गेली. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "भांडण तुझं, तमाशा माझा. मला फक्त एक टॉप हवा होता रे." मालकांनी मला काढलं नाही, कारण कटिंगला माणूस मिळत नाही.

मग मी म्हटलं, मी शिवतो तुझ्यासाठी. बरेच दिवस ती टाळत राहिली. शेवटी मापाला म्हणून तिनं एक निळा टॉप आणून दिला. मी तो टेबलावर पसरला, हातानं सपाट केला, जसाच्या तसा कागदावर उतरवला आणि त्यावरून नवा शिवला. काल ती घालून बघायला आली. टॉप चढला, पण स्टुलावर बसली आणि पोटावरची बटणं ताणली गेली. तिनं ओढणी पुढे घेतली. तेव्हा कुठे मी निळा टॉप उलटा करून बघितला. दोन्ही बाजूंची शिलाई घेर वाढवायला उसवून पार कडेला नेलेली, जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं तशीच. कॉलेजच्या पहिल्या वर्षातला टॉप तो, मी ओळखायला हवा होता. काकूंनी मापाचा ब्लाउज आणला तेव्हा तू आधी असाच उलटा केलास, गुपचूप बाजूला ठेवलास, चहा टाकलास, आणि बोलता बोलता त्यांना पाटावर बसवून टेप फिरवलीस. त्या गेल्यावर म्हणालीस, "मापाला बाई आवडीचा कपडा आनती. तो तिला आता व्हतो का, ते आपण बघायचं."

जुना कशाला दिलास, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, टेपनं माप घेऊ दे. ती म्हणाली, "कुणालाही घेऊ देईन. तुला नाही. तुझ्या डोक्यात माझा आकडा राहील." मला वाटलं, आता ही जाणार ती कायमची. राग आला, कुणावर ते कळेना. टेबलावर सलवारीच्या नाडीचं बंडल पडलं होतं. ते आणि कात्री तिच्या हातात दिली, पडदा ओढला आणि बाहेरून सांगत राहिलो. छातीला गुंडाळ, श्वास सोड, मग काप. कंबर बसून घे. दंड कोपर वाकवून. छातीच्या तुकड्याला एक गाठ मार, कमरेच्या दोन, दंडाच्या तीन. आतून आवाज आला, "टॉप शिवतोयस की मला बांधून पार्सल करतोयस?" बहुतेक हसली. खांद्याचं मात्र एकटीला जमेना. थोड्या वेळानं पडद्याबाहेर येऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "तेवढंच घे," म्हणाली. मी घेतलं. त्या तुकड्याला चार गाठी मारल्या.

आता ते तुकडे समोर आहेत. टेप ड्रॉवरमध्ये टाकलीय. नाडीच दुमडून कापडावर ठेवायची, वर बोटांनी मोजून सैल सोडायचं आणि खडू मारायचा. टॉप नीट बसला तर ती पुन्हा येईल. नाही बसला तर पुन्हा माप मागायला मला तोंड नाही. कात्री उचलतो आणि खाली ठेवतो. हे लिहिलेलं कुठे धाडणार, कागद उरला तर यावरच बाहीचा पॅटर्न काढीन. तुकड्यांना टेप लावली नाही, तुझी शपथ. पण मघाशी शटर खाली घेतल्यावर दोन गाठींची नाडी मी माझ्याच कमरेभोवती गुंडाळून पाहिली. बरीच उरली. उरलेलं टोक हातात धरून मी जरा वेळ तसाच उभा राहिलो.