माळ्यावरून पडलेली अकरा मीटर नळी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. (वाकून केलाय असं समज. सकाळपासून शिवणयंत्रावर बसून कंबर धरली आहे, त्यामुळं प्रत्यक्षात मी ताठच आहे.) तू बरा आहेस ना? वहिनीचा गुडघा काय म्हणतो? तिला सांग, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. हे मला घशाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, आणि त्यांचा स्वतःचा गुडघा ठणठणीत होता, त्यामुळं खरंच असणार. फोन केला असता, पण डेअरीतल्या यंत्रांच्या घरघरीत तुला 'काय?' यापलीकडे काही बोलता येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते 'काय?'वर भागणारं नाही. म्हणून हे पत्र तुमच्या उद्याच्या दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. त्याला चहा पाजीन, म्हणजे हरवायचा नाही.

विषय नळीचा आहे. दादा, तुझा सगळा जन्म नळ्या जोडण्यात गेला, पण नळी ही एवढी थोर वस्तू आहे हे तू कधी बोलला नाहीस. रोज हाताळतोस म्हणून तुला किंमत नसेल. मी मात्र गेले पाच दिवस थक्क होऊन हिंडते आहे.

झालं असं, की आमचे बाबा (म्हणजे सासरे, आपले बाबा नव्हेत, ते तर माळ्यावर काही टिकूच देत नसत) येत्या रविवारी जाणार आहेत. कायमचे, ठमीकडे. ठमी म्हणजे माझी नणंद, तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागतं. चार महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बाबांचा आवाज गेला, हे तुला माहीत आहेच. उरली ती नुसती कुजबुज. ज्या माणसानं बत्तीस वर्षं बसस्थानकाच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारल्या, जो घरात जेवताना 'मीठ' म्हणाला तर शेजारच्या घरातून मीठ यायचं, त्याचं बोलणं ऐकायला आता त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. ते त्यांना मुळीच खपत नाही. मी वाकले की ते तोंड फिरवतात. पाटी आणून दिली, ती उशीखाली गेली. घंटी दिली, ती खिडकीबाहेर गेली आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळजी ती परत घेऊन आले. शेवटी बाबांनी ठमीला चिठ्ठी लिहिली: इथं माझं कोणाला ऐकू जात नाही, येऊन घेऊन जा. ती पेटीत टाकायला माझ्याच हातात दिली. उघडी!

आता तू म्हणशील, मला वाईट वाटलं असेल. मुळीच नाही. चौदा वर्षं आमचं दोघांचं भांडण चालू आहे, भाजीत मीठ किती इथपासून पडद्याला चुण्या किती इथपर्यंत. चार महिने घर शांत आहे, शिलाई दुप्पट होते आहे, आणि रविवारनंतर पडद्यांचे तागे ठेवायला मला त्यांची अख्खी खोली मिळेल. मी खूशच आहे. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू वहिनीला काहीतरी भलतंच सांगशील.

तर शनिवारी बाबांची ट्रंक काढायला मी स्टुलावर चढले आणि ट्रंकेच्या आधी ही नळी माझ्या गळ्यात पडली. खरोखरच गळ्यात, कारण वेटोळं होतं. अंगठ्याएवढी जाड, आरपार दिसणारी, म्हातारपणानं जरा पिवळी पडलेली. टेपनं मोजली, अकरा मीटर आणि वर एक वीत. कोणाची, कशाची, कधी आली, कोणालाच पत्ता नाही. मी म्हटलं, भंगारात देऊन टाका. तर तुझे मेहुणे म्हणाले, कशाची आहे ते कळल्याशिवाय टाकायची नाही. (हा आमच्या घरचा कायदा आहे. म्हणून आमच्याकडे कुलपं नसलेल्या सात किल्ल्या आहेत, आणि एक झाकण आहे ते आजवर कशालाच बसलेलं नाही.) मग ते दुकानातलं भिंग घेऊन बसले. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, त्याला सुट्टीला दुसरं काय सुचणार? नळीच्या अंगावर पूर्वी काहीतरी छापलेलं होतं. दोन तासांनी त्यांनी जाहीर केलं, की सोळा हा आकडा आहे आणि त्याच्यापुढं बाण आहे. बाण आहे म्हणजे दिशा आहे, दिशा आहे म्हणजे नळीला पुढचं आणि मागचं टोक आहे. मला तो बाण एखाद्या पुसलेल्या अक्षराचं तंगडं वाटला, पण मी बोलले नाही. तेव्हापासून नळी नुसती या खोलीतून त्या खोलीत न्यायची तरी आम्ही दोघं बाणाच्या दिशेनं तोंड करून चालतो.

रविवारी प्लंबर वॉशर बदलायला आला, त्याला दाखवली. त्यानं ती वाकवली, हुंगली, दातानं चावून बघितली, टोकाला काडी लावून धूर बघितला आणि म्हणाला, प्लास्टिक आहे. ते मलाही माहीत होतं, पण त्यानं सांगितल्यावर बरं वाटलं. गरम पाण्याला लावू नका, मऊ पडून निसटेल, आणि पिण्याच्या पाण्यालाही नको, आधी आतून काय गेलंय कोणाला ठाऊक, एवढं बोलून तो गेला.

सोमवारी गवंडी आला. समोरच्या इमारतीचं काम चालू आहे, तिथला. नळी बघून तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की हा जाणकार. ही लेव्हलची नळी, म्हणाला. त्यानं तिच्यात पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे घालवले, एक टोक ह्यांच्या हातात देऊन ह्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि दुसरं घेऊन तो बाबांच्या खोलीत गेला. मध्ये बोळ आहे, दोन दारं आहेत, एक कोपरा आहे. आणि दादा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबलं! त्याला कोणी सांगितलं? या टोकाला ते टोक दिसत नाही, त्या टोकाला हे दिसत नाही, आणि तरी ह्यांचा हात जरा हलला की तिकडचं पाणी आपलं आपण सावरून घेतं. मी बघतच राहिले, तिकडं गॅसवरचं भांडं करपलं. मग गवंड्यानं दोन्हीकडं जमिनीपासून मोजलं आणि निकाल दिला, की बाबांची खोली स्वयंपाकघरापेक्षा चार बोटं खाली आहे आणि खोलीतल्या खोलीत खिडकीकडं आणखी दोन बोटं उतार आहे. आता बाबा चौदा वर्षं म्हणत आले आहेत की या खोलीत माझी औषधाची गोळी घरंगळते, आणि मी चौदा वर्षं म्हणत आले की तुमचा हात थरथरतो. मला फार लाज वाटली. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते भिंतीकडं बघत पडले होते. पूर्वी या विजयावर त्यांनी मला आठवडाभर ऐकवलं असतं.

मंगळवारी तुझ्या मेहुण्यांना वाटलं, नळी आहेच, तर गॅलरीतलं पिंप उपसून टाकू. एक टोक पिंपात, दुसरं तोंडात. त्यांनी ओढलं. पहिला घोट त्यांनी गिळला (पिंपातलं पाणी मार्च महिन्यापासूनचं होतं), दुसरा माझ्या अंगावर आला, आणि त्यानंतर पाणी स्वतःहून पिंपाच्या काठावर चढून खाली उतरायला लागलं. चढून, दादा! मोटर नाही, कोणी ढकलत नाही, आणि पाणी भिंत चढतंय! आम्ही हात जोडायचे तेवढेच बाकी राहिले होते. एक बादली भरली, दुसरी भरली, गॅलरी भरली, आणि थांबवायचं कसं ते दोघांनाही सुचेना, कारण ह्यांचं म्हणणं, बाणाच्या दिशेनं चाललेलं पाणी मध्येच अडवू नये. शेवटी घड्याळजी वर आले. त्यांच्या टकलावरून थेंब गळत होते. त्यांनी पिंपातलं टोक उचलून बाहेर काढलं आणि पाणी थांबलं. घड्याळजींबद्दल माझा आदर फार वाढला. त्यांचा आमच्याबद्दल वाढलेला दिसला नाही.

आता खरी गोष्ट ऐक. काल बुधवारी नळी निथळायला टाकावी म्हणून मी तिचं एक टोक ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं आणि दुसरं बोळातून नेऊन बाबांच्या पलंगाशी ठेवलेल्या बादलीत सोडलं. उतार तिकडंच आहे हे आता शास्त्रानं सिद्ध झालेलं. गॅसवर दूध ठेवलं, पसारा आवरला, आणि पाणी सगळं उतरलं का बघावं म्हणून खिळ्यावरचं टोक कानाला लावलं. आधी नुसती घूं ऐकू आली. मग श्वास. मग अगदी माझ्या कानात, माणूस पाठीशी येऊन उभा राहावा इतक्या जवळून, बाबांचा आवाज आला: 'दूध उतू जातंय.'

दादा, मी जागची हललेच नाही. चार महिन्यांनी! कुजबुजच होती ती, पण प्रत्येक शब्द सुटा, तोच ठसका, तोच थांबा. त्यांनी बादलीतलं टोक उचलून तोंडाशी धरलं होतं. आणि त्यांना दुधाचा वास तिकडं अकरा मीटरवर आला, मी गॅसच्या शेजारी उभी असून मला आला नाही. दूध उतू गेलं, शेगडी भरली, खाली फरशीवर आलं, आणि मी कानाला नळी लावून रडत उभी. परत आवाज आला, 'गेलं.'

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बत्तीस वर्षं हा माणूस बंद केबिनमध्ये बसून, न दिसणाऱ्या लोकांशी बोलला. तोंडाशी वाकलेला कान, कीव आलेला चेहरा, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या हातात बोलायला काहीतरी द्या आणि समोरून माणूस हटवा, की झालं! हे चार महिन्यांत डॉक्टरांना सुचलं नाही, ठमीला नाही, मला नाही, आणि माळ्यावरच्या एका बेवारस नळीनं करून दाखवलं. संध्याकाळी तुझ्या मेहुण्यांनी दोन्ही टोकांना नरसाळी बसवली (माझ्याकडच्याला तेलाचा वास येतो, पण तक्रार नाही), आणि माझ्या बाजूला एक बूचही दिलं, म्हणजे इकडचं सगळंच बोलणं तिकडं जायला नको. बाण उलटा येतोय म्हणून ते क्षणभर घुटमळले, पण बोलले नाहीत. तो माणूस किती हलला होता ते यावरून समज.

आणि आज सकाळपासून नळीतून बाबांचा काय पुकारा चाललाय म्हणून सांगू! लक्ष द्या, दहाचा चहा पंधरा मिनिटं उशिरानं येत आहे, गैरसोयीबद्दल कोणीही दिलगीर दिसत नाही. लक्ष द्या, शिवणयंत्राला तेल घाला, बिचारं कण्हतंय. दुपारी आमचं मिठावरून भांडण झालं. पाऊण तास चाललं. मी नरसाळ्यात ओरडायचं आणि मग तेच कानाला लावून त्यांचं ऐकायचं, त्यामुळं मध्येच तोडता येत नाही, दोघांनाही एकमेकांचं पूर्ण ऐकावं लागतं. इतकं सुंदर भांडण मी आयुष्यात केलेलं नाही.

बाबांची ट्रंक मात्र भरलेली आहे आणि दाराशीच आहे. रविवारबद्दल ते नळीतून एक शब्द बोललेले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायचं तरी काय? त्यांची मुलगी आहे, त्यांची इच्छा आहे, आणि मी खूश आहे, वर लिहिलंच आहे. तू फक्त एवढं कळव की ही नळी मुळात कसली असावी. तुझ्या डेअरीतली तर नसेल ना? गेल्या वेळी आलास तेव्हा तुझी पिशवी येताना फुगलेली होती आणि जाताना नव्हती, असं ह्यांचं निरीक्षण आहे.

वहिनीला सांभाळ, गुडघ्याचं लक्षात ठेव, आणि पोरांना माझ्याकडून एकेक धपाटा.

डाव्या कानाभोवती नरसाळ्याची गोल खूण उमटलेली,
तुझी धाकटी बहीण

ता. क. : नळी कसली आहे ते नाही कळलं तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. तू रविवारी सकाळी ठमीच्या आधी येऊन पोच. डेअरीचा गणवेश घाल आणि पान्यांची पेटी आण. नळीकडं बघ, कपाळाला आठ्या घाल आणि ठमीला सांग, की ही एकदा बसवली की हलवता येत नाही आणि हलवली तर तुझ्या वडिलांचा आवाज पुन्हा जाईल. यंत्रांतला माणूस म्हणून तुझं ती ऐकेल. हे साफ खोटं आहे हे मला कळतं. पण बाबा गेले तर मी भांडू कोणाशी? तुझे मेहुणे भांडत नाहीत, भिंग काढतात. मला त्यांची खोली नको रे, ताग्यांना कपाट पुरतं. मला ते इथंच हवेत. खोटं बोलणं तुला जमणार नसेल, तर ठमीचं घर इथून एकशेचाळीस किलोमीटर आहे. तेवढी नळी तुमच्या स्टोअरमध्ये निघेल का?

आणखी एक ता. क. : गणवेश राहू दे, पेटीही नको. झालं असं, की एवढं लिहून झाल्यावर मी ओट्याला टेकून सगळं पत्र मोठ्यानं वाचून काढलं, कारण डोळ्याला न दिसलेल्या चुका कानाला कळतात. वरच्या ता. क.सकट वाचलं. संपलं आणि माझ्या खांद्यामागून कोणीतरी खाकरलं. बघते तर नरसाळ्याचं बूच ओट्यावर. नरसाळं कानाला लावलं, तर बाबा म्हणाले, वाचताना श्वास कुठं घ्यायचा ते तुला अजून कळत नाही. मी नरसाळं ठेवूनच देणार होते, तेवढ्यात गाडी पुकारायच्या सुरात आलं: 'लक्ष द्या. ठमीला म्हणावं, रविवारी जेवायला ये. न्यायला नको.'