सेहेचाळिसाव्या पानावरचा आकडा

प्रिय धाकटे,

छोटीचा खोकला आता थांबला असेल, आणि तुझ्या आईच्या घरी मांडीवरून खाली उतरायचं असतं हेच ती विसरली असेल. भावजी उद्या सकाळी तुम्हा दोघींना आणायला निघतील. त्यांच्याच पिशवीत हे पाकीट देते आहे. तुझ्या नवऱ्याला बजावलं आहे की आधी हे तुझ्या हातात द्यायचं, मग चहाला बसायचं. फोन करता आला असता. पण फोनवर मी रडले असते आणि तूच माझी समजूत काढत बसली असतीस. ते मला नको आहे.

इथे कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी गुरुवारची सुनावणी आहे. औषध खात्याचे अधिकारी स्क्रीनवर तुला काय काय विचारतील याच्या तालमी जो तो आपापल्या परीने करतो आहे. बाटल्या भरणाऱ्या बायका मला जिन्यात गाठून विचारतात, "धाकट्या मॅडमना काही होणार नाही ना हो?" मशीनवाले काका काल म्हणाले, "एक आकडा तर इकडचा तिकडे झालाय, जीव नाही गेला कुणाचा." मी म्हटलं, "काका, डोळ्यांच्या औषधात एक आकडा म्हणजे एक डोळा." ते हसले, "तुम्ही म्हणजे टाचणीच!" एरवी हे ऐकून मला बरं वाटतं. कुणाचीही चूक टोचून दाखवणारी टाचणी. काल मात्र मी तिथून निघून आले.

तुझा लेखी खुलासा बाबांनी मला तपासायला दिला. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. "बाटली उघडल्यावर अठ्ठावीस दिवसांनी थेंब टाकून द्यायचे, त्याऐवजी माहितीपत्रकाच्या मसुद्यात सेहेचाळिसाव्या पानावर ब्याऐंशी दिवस पडले; पानाखाली माझी डिजिटल सही आहे; चूक सर्वस्वी माझी आहे; सहीचा अधिकार मी सोडते." इतकं स्वच्छ, इतकं थोडक्यात. मी ते चार वेळा वाचलं. त्यात माझा उल्लेख कुठेच नाही, हे पहिल्यांदा वाचतानाच लक्षात आलं होतं. उरलेल्या तीन वेळा तो सापडेल या आशेने वाचलं की भीतीने, ते अजून ठरवता आलेलं नाही.

तुला माहीत आहे, मी या घरात आले तेव्हा खात्याला सगळं कागदावरच जायचं. एका औषधाची फाइल म्हणजे तीन खोकी. ती रिक्षात घालून मी खात्याच्या खिडकीवर घेऊन जायची आणि खिडकीतला कारकून आत ओरडायचा, "खोकेवाल्या बाई आल्या!" प्रत्येक पानावर माझा शिक्का, माझी सही. चौदा वर्षं हे केलं. कधी पाठ धरली, कधी रिक्षा बंद पडली, पण एकही फाइल परत आली नाही. मग खात्याने कळवलं की आता सगळं ऑनलाइन, आणि पाठवणारा माणूस तोच आहे याची खात्री पटवणारं प्रमाणपत्र प्रत्येक कंपनीने एकाच माणसाच्या नावावर काढायचं.

त्या दिवशी बाबांच्या खोलीत तू त्यांना समजावत होतीस. "बाबा, हे टोकन म्हणजे अंगठ्याएवढं यंत्र. कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की झाली सही. फाइल अशी बंद होते की ती फक्त खात्यालाच उघडते. मधे कुणी एक अक्षर बदललं तरी कळतं." बाबा लहान मुलासारखे ऐकत होते. मग ते सासऱ्याच्या नाही, मालकाच्या आवाजात म्हणाले, "सही धाकटीच्या नावाने काढा. कागद बघायला थोरली आहेच की." मी मान हलवली, चहाचे कप उचलले. तू म्हणालीस, "बाबा, ताईंच्या नावाने काढूया ना," आणि ते म्हणाले, "तिला कशाला या वयात ती झटापट?" तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. ते "आहेच की" मला आजही ऐकू येतं. घड्याळ आहेच की, पंखा आहेच की.

ओळख पटवायचा व्हिडिओ करायचा होता तेव्हा तुझ्या खोलीत उजेड कमी पडत होता. मी टेबलावरचा दिवा हातात धरून उभी राहिले. तू कार्ड हनुवटीजवळ धरलंस, नाव सांगितलंस, स्क्रीनवर सूचना आल्यावर पापण्या मिटल्यास, आणि मधेच हसत म्हणालीस, "ताई, तुमचं कोपर दिसतंय." मी कोपर बाजूला घेतलं. चांगला उजेड पडला होता तुझ्या चेहऱ्यावर. संध्याकाळी डायरीत लिहिलं, "धाकटीचं प्रमाणपत्राचं काम झालं." हे लिहिलं नाही की मी आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं, आणि दोनदा पापण्या मिटल्या.

तुझा राग करायला तू कधी कारण दिलं नाहीस, हीच माझी मोठी अडचण. टोकन लाल फितीला बांधून गळ्यात घालायचीस, तर मला वाटायचं मिरवते. ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलीस, तर वाटायचं किंमत नाही. खात्याच्या मदतकेंद्रातला माणूस फोनवर तुला "मॅडम, तुमच्या फाइली फार नेटक्या असतात" म्हणाला, ते तू मला स्पीकर लावून ऐकवलंस आणि त्याला सांगितलंस की हे सगळं आमच्या ताईंचं. मी त्या रात्री जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. तू गोळी आणून दिलीस. ती घेतली नाही, फुलदाणीमागे ठेवली.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी बाबांकडे त्यांचे जुने कॉलेजमित्र आले होते. आधीच्या फाइलची खात्याकडून आलेली पोच बाबांनी मोठ्या अक्षरात छापून घेतली होती, ती त्यांनी मित्रांसमोर धरली. "आमच्या धाकटीचं काम. एक चूक दाखवा!" त्या फाइलमध्ये अकरा चुका होत्या, धाकटे. अकराही मी पेन्सिलीने खुणा करून तुला दिल्या होत्या आणि तू त्या दुरुस्त केल्या होत्यास. तू तिथे असतीस तर नक्की सांगितलं असतंस. पण तू छोटीला घेऊन हॉस्पिटलात होतीस. मी दारात बिस्किटांची बशी घेऊन उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही, आणि म्हणाले, "थोरले, अजून एक कप होईल का?"

तासाभरात तुझा फोन आला. मागे छोटी रडत होती. "ताई, फाइल पाठवलीये. रात्रभर हिच्या पलंगाशी बसून केलीये, डोळे मिटतायत नुसते. आज पाचची मुदत आहे. एकदा नजर टाका आणि माझ्या टोकनने पाठवून द्या. ड्रॉवरमध्येच आहे, पिन सांगते. असं द्यायचं नसतं कुणाला, पण तुम्ही काय कुणी परक्या आहात?" मी म्हटलं, "तू छोटीकडे बघ, इकडचं मी बघते."

आणि मी बघितलं. सेहेचाळिसाव्या पानावर आले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मुदतीला पाच तास चाळीस मिनिटं बाकी होती. नंतर सगळे म्हणाले की घाईत सुटलं असेल. तू तर मला मिठी मारून म्हणालीस, "ताई, तुमच्याही नजरेतून सुटलं, म्हणजे कुणाच्याही सुटलं असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." घाई नव्हती. सुटलंही नाही. मी ब्याऐंशी पाहिलं. माझा हात पेन्सिलीकडे गेला, पेन्सिल उचललीही. आणि मनात बाबांचा आवाज आला, एक चूक दाखवा. मी पेन्सिल खाली ठेवली. पुढची एकवीस पानं वाचली, त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला, टोकन लावलं, पिन टाकला आणि पाठवलं. पोच आली, तिच्यावर तुझं नाव.

त्या दिवसाची डायरी आज पुन्हा काढली. "फाइल वेळेत गेली. पूर्ण वाचली." एवढंच. सव्वीस वर्षं डायरी लिहिते आहे, खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते आहे, आणि त्या दोन वाक्यांत खरंच काही खोटं नाही. मी स्वतःला सांगत होते की खात्यातले लोक पकडतीलच, तेवढ्याचसाठी तर ते बसलेत, तुला एक साधं पत्र येईल आणि बाबांचा तोरा थोडा उतरेल. आणि त्यांनी पकडलं नसतं तर? कुणीतरी बाई ब्याऐंशी दिवस तीच उघडी बाटली डोळ्यांत घालत राहिली असती. तिचा विचार माझ्या मनात आला तो तिसऱ्या दिवशी. माहितीपत्रकं अजून छापून झाली नव्हती, हे आपलं नशीब. माझं शहाणपण त्यात काडीचंही नाही.

पाकिटात दुसरा एक कागद आहे. त्यात मी हे सगळं तारीखवार, वेळेसह लिहून खाली पेनने सही केली आहे. तो मी खात्याला पाठवलेला नाही. पाठवला तर चूक माझी ठरेल, पण टोकन आणि पिन तू दुसऱ्याला दिलास हेही उघड होईल, आणि त्याबद्दल तुझ्यावर वेगळी कारवाई होऊ शकते. नाही पाठवला तर मी पाहून सोडून दिलेल्या चुकीचा डाग एकट्या तुझ्यावर राहील. त्या दिवशी तुझ्या वतीने मी एकटीने ठरवलं होतं. आता तसं करणार नाही. गुरुवारी तो पुढे ठेवायचा की फाडायचा, तू ठरव. ठेवलास तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन आणि विचारतील त्याला उत्तर देईन.

आणि हे आजच का, इतके आठवडे का नाही, हे तू विचारशील. परवा बाबांनी मला बोलावून प्रमाणपत्राचा नवा अर्ज पुढ्यात ठेवला. "आता तुझ्याच नावाने काढू. तुझ्याकडून चुका होत नाहीत." धाकटे, मला आनंद झाला. खरा आनंद, पूर्ण एक दुपार. व्हिडिओला कुठली साडी नेसायची हेसुद्धा ठरवलं. मग टेबल पुसताना कळलं की मी गुणगुणते आहे, आणि माझी मलाच भीती वाटली. आज सकाळी अर्ज कोरा परत दिला आणि बाबांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत होते. "तू पाहिलं होतंस?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणाले. मग म्हणाले, "जा, तुझं काम कर." मी बराच वेळ तिथेच उभी होते, कारण माझं काम कोणतं ते मला कळेना. मत्सर गेला असं लिहिणार होते. तो गेलेला नाही. गुरुवारी ते अधिकारी तुला नावाने हाक मारतील, चूक विचारायलाच मारतील, आणि मला त्या हाकेचाही हेवा वाटतो आहे. म्हणून हे लिहून टाकलं. अजून एक दुपार गेली असती, तर मी तो अर्ज भरला असता.

तुझीच,
ताई