बंद कानांचे व्याख्यान

प्रिय आत्या,

काल फोनवर तू विचारलेस, "व्याख्यान कसं झालं?" आणि मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. तू रागावली असशील, आणि रागावणे रास्तच आहे. पण माझे तोंड आणि माझे मन यांचा कधी मेळ बसत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? कागद पुढे ओढला की मात्र भीड चेपते. तेव्हा आता सारे सविस्तर.

लेखी परीक्षेची मला चिंता नव्हती. नोकरी अडली होती ती व्याख्यानावर. अनोळखी विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात बोलायचे आणि विभागप्रमुख बाईंनी मागे बसून तोलायचे. वर्गात कोणी कुजबुजले की ते माझ्याविषयीच, अशी माझी जुनी खात्री. मग पुढचे वाक्य घशातच विरते. त्यातच विमानाने इकडे निघायच्या तोंडावर आपल्या घराण्याचे नाक जागे झाले. बाबांनी आणि तू मिळून मला दिलेला हा ठेवा: कपाळावर दगड, डोळ्यांमागे ठणका आणि 'म'च्या जागी 'ब'.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई मोठ्या मिस्कील निघाल्या. नाकात दिवा धरून म्हणाल्या, "वा, दोन्ही बोळ बंद. सहलीला निघाला असतात तर घरी बसवलं असतं." ताप नाही, फार सूज नाही, असे पाहून त्यांनी जायला परवानगी दिली आणि पथ्ये सांगितली. निघण्यापूर्वी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचे. विमान उतरू लागण्याच्या बरेच आधी नाकात औषधाचा फवारा मारायचा. उतरताना झोपायचे मुळीच नाही. घोट घोट पाणी प्यायचे आणि जांभया द्यायच्या. नाक दाबून जोराने फुंकायचे तर नाहीच. खाली येताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि सुजलेल्या वाटांनी हवा आत शिरत नाही, म्हणून दुखते. "वाट मोकळी करून द्यायची, धक्के मारायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

तेव्हा तू आठवलीस. त्या एका विमानप्रवासानंतर तू कपाळ गच्च धरून सामानाच्या पट्ट्याशेजारी बसकण मारली होतीस आणि "जमिनीवरून जाता येईल तेवढंच माझं जग" असे जाहीर करून टाकले होतेस. आत्या, तू सबंध प्रवास गाढ झोपली होतीस. तुला कोणी उठवले नाही, की यातले अक्षर सांगितले नाही.

फवारा मारला, पाणी संपवले, राहिल्या त्या जांभया. परक्या माणसांत तोंड वासायचे या कल्पनेनेच मी लाजेने अर्धी झाले. खिडकीकडे वळून, रुमालाआड, ओठ न उघडता जांभई देण्याचा मी जो खटाटोप चालवला होता, तो शेजारच्या बाईंना बघवेना. केस कापण्याचे दुकान होते त्यांचे. "अहो, तोंड उघडा की सरळ. इथे कोण तुमची सोयरीक जुळवायला बसलंय?" असे म्हणून त्यांनी स्वतःच एक ऐसपैस जांभई दिली. मग मला आवरेना. पलीकडच्या गृहस्थांना आली, मागच्या जोडप्याला आली, रांगांमागून रांगा जांभया देऊ लागल्या. सूचना सांगणारी हवाईसुंदरीसुद्धा मध्येच थांबली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो आणि विमान केव्हा टेकले ते कळलेच नाही. कपाळ शाबूत राहिले. कान मात्र बंद ते बंदच.

दुसऱ्या दिवशी तशीच वर्गात उभी राहिले. ना बाकांचा आवाज, ना कुजबूज. सारे कसे कापसात गुंडाळलेले. माझा आवाज तेवढा डोक्यात नगाऱ्यासारखा घुमत होता. जुने नकाशे काढणारे अज्ञात समुद्रात मासे का रंगवत, हा विषय मी आयुष्यात प्रथमच बेधडक, गर्जना करत मांडला. निदान माझी तशी समजूत होती. अर्ध्यावर आले आणि पाहते तो मागची मुले वह्या उचलून उठली. निघाली, म्हटले, संपले सारे. पण दाराकडे न जाता ती पुढे आली आणि दाटीवाटीने पहिल्या बाकांवर बसली. त्याच क्षणी उजव्या कानात टपकन काहीतरी सुटले आणि एका मुलीने शेजारणीला दटावलेले स्पष्ट ऐकू आले, "गप ना, आधीच हळू बोलतायत त्या. मासा हुकेल." माझी गर्जना तिसऱ्या बाकापलीकडे पोचतच नव्हती, आणि ती ऐकायला मुले उठून आली होती. वर्षानुवर्षे ज्या कुजबुजीला मी भ्यायले, ती अशीही असू शकते, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडले नव्हते. उरलेले व्याख्यान मी त्या मुलीकडे पाहत, खरोखरच मोठ्याने पुरे केले.

संध्याकाळी विभागप्रमुख बाईंनी बोलावले. "ध्वनिवर्धक आम्ही देऊ, बाकी सगळं आहे तुमच्याकडे," म्हणाल्या. नोकरी मिळाली, आत्या. पुढच्या महिन्यापासून.

आता, फोनवर जे ओठांशी येऊन परत गेले ते लिहिते. इथे येणारा रस्ता नाही, रेल्वे नाही. मध्ये समुद्र आहे. आई-बाबांमागे तू मला वाढवलेस, आणि मी मात्र तुला तिकडे तुझ्या चष्म्याच्या दुकानात एकटीला ठेवून वर्षातून एकदा पाहुणीसारखी येत राहावे, हे मला जमणार नाही. पथ्यांचा एवढा पाढा वाचला तो तुझ्यासाठी. आधी त्या डॉक्टरीणबाईंना नाक दाखव. त्या हो म्हणाल्या तर मी न्यायला येईन, शेजारी बसेन आणि उतरताना तुला झोपू देणार नाही. कायमचे नको वाटले तर पंधरा दिवसांसाठी ये. नोकरीसोबत मिळालेल्या घरात दोन खोल्या आहेत. दुसरीची खिडकी पूर्वेला आहे आणि तिला मी अजून पडदा घेतलेला नाही. रंग कळव.

तुझीच,
मुखदुर्बळ भाची