माझा अंगठा तुझ्या कामी आला नाही

प्रिय माया,

काल संध्याकाळी तुझा नवरा गावाहून एकटाच परत आला. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आमा, माया नाही राहिली." घरी पोचायच्या आधीच, डोंगरातल्या बसमध्ये गेलीस म्हणे. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तुला ठाऊक आहे. धाकटी सून रविवारचा डबा घेऊन आली, तिलाच बसवलंय लिहायला. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझं बोलणं इस्त्री करून उतरवतेय. सांभाळून घे.

नेपाळातून आलीस, कासारवाडीत माझ्या मागच्या खोलीत राहिलीस आणि तुमच्या बोलीत आईला म्हणतात तसं मला आमा म्हणायला लागलीस. माझी पोरं टॉवरमध्ये गेली, मी खाली उरले, तेव्हा हाकेला ओ देणारी तू एकटीच होतीस. गौरी जेवायच्या दिवशी माहेरवाशीण म्हणून तुलाच पाटावर बसवायची. पुरणपोळी मोडायची कशी, ते मात्र शेवटपर्यंत जमलं नाही तुला!

चार घरची भांडी घासून आलीस की दारातच बसायचीस, छातीवर हात ठेवून. "अगं, म्हैस डोंगर चढून आल्यासारखी काय धापतेस?" असं मी चिडवायची. तू हसायचीस. का हसलीस गं? तेव्हाच का नाही बोललीस?

शेवटी मीच दवाखान्यात नेलं तुला. डॉक्टर भला होता. काळजाची झडप बिघडलीय, ऑपरेशन लवकर करा, सरकारी योजनेत फुकट होईल, म्हणाला. आपण योजनेच्या खिडकीवर गेलो. तिथल्या पोरग्याने आधार मागितलं, रेशनकार्ड मागितलं. तू खाली बघायला लागलीस. मीच पुढं सरले.

"ही माझी लेक हाय. माझ्या कार्डावर करा."

"आजी, कार्डावर हिचं नाव कुठंय?"

"न्हाई तर आता घाला. मी अंगठा देते की!"

माझं रेशन अंगठ्यावर, म्हातारपणाचा सरकारी पगार अंगठ्यावर, सासऱ्याची जमीन गेली तीसुद्धा अंगठ्यावर. मला वाटलं, हेही होईल. पोरगा हसला नाही बिचारा. "तुमचा अंगठा तुमच्यापुरता, आजी. या बाहेरच्या देशाच्या ना? योजनेत बसत नाहीत."

बाहेर आल्यावर तूच माझी समजूत काढलीस. "आमा, मशीनला काय माहीत, मी पुरणपोळी खाल्लीय ते!"

मग तो एजंट आला, दुसऱ्या बाईच्या नावाचं कार्ड काढून देतो म्हणाला. तू साफ नकार दिलास. "झूठा नाम लेके मर गयी, तो आमा रोएगी किसको?"

"रडतंय कोण तुझ्यासाठी!" मी म्हणाले.

बघ, कालपासून तेच चाललंय माझं.

आपल्या देशात आपला कागद आहे, तिकडं होईल, म्हणून निघालीस. इथं ऑपरेशनची खोली रिक्षाने जाण्याइतकी जवळ, आणि तू आजारी काळीज घेऊन आगगाड्या बदलत डोंगरात गेलीस! मी का नाही गं दारात आडवी पडले?

तू निघालीस तेव्हापासून दुपार सरत नाही. चहा दोघींचा टाकते, मग दुसरा मीच पिते, गार झालेला. सूनबाई म्हणते, आमच्याकडे या. अठराव्या मजल्यावर कुणाशी बोलू? कबुतरांशी?

तुझा नवरा रात्रपाळीहून यायचा तसाच खोकत आलाय. काल मी म्हटलं, दवाखान्यात चल. "कागद नाही आमा, गावाला जाईन तेव्हा बघू," म्हणाला. तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात.

तर ऐक. उद्या सकाळी मी त्याला महापालिकेच्या दवाखान्यात नेणार. एका खिडकीने परत पाठवलं तर दुसऱ्या खिडकीवर जाईन, तिथून साहेबाच्या दारात. गुडघे दुखले तर तिथंच फरशीवर बसेन. तपासल्याशिवाय घरी आणणार नाही. आणि औषधासाठी त्याला त्या बसमध्ये चढू देणार नाही, माये.

तुझीच,
आमा