गोदाचा भ आणि म

२४ जून

आज पुस्तक फाडणारी मुलगी माझ्या खोलीत आली. आली म्हणजे — आणून सोडली! वर्गशिक्षक दारातूनच म्हणाले, "घ्या मॅडम, तुमची पेशंट." आणि गेले.

नववीतली गोदावरी. सगळे गोदा म्हणतात. या शाळेत समुपदेशक म्हणून माझं हे दुसरं वर्ष. तरी पोरं माझ्या खोलीला अजून येड्यांची खोलीच म्हणतात. पूर्वी इथं खेळाचं सामान असायचं, लेझमी अजून कोपऱ्यात पडून आहेत. गोदानं त्यातली एक उचलली आणि न वाजवता मांडीवर धरून बसली. मी काहीच विचारलं नाही. घंटा झाली तेव्हा म्हणाली, "उद्या बी येऊ का?"

२७ जून

कळलं! वर्गशिक्षकांनी तिला मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं. 'भरत घरी आला.' तिनं वाचलं — 'मरत घरी आला.' सगळा वर्ग हसला. सरांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. मग तिनं पानच फाडलं.

आज मीच तिला एक धडा वाचून दाखवला. आपल्या शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या नहरींचा. एकदाच वाचला! पोरीनं सगळा जशाच्या तसा सांगितला, वर खडूनं फरशीवर नहर काढून पाणी कुठून कुठं जातं तेही दाखवलं. तेच पान तिच्यासमोर ठेवलं तर कपाळावर घाम. "अक्षरं एकमेकात घुसायलीत मॅडम."

ही मुलगी ढ नाही. मुळीच नाही.

१ जुलै

मुख्याध्यापकांनी — नानासाहेबांनी — बोलावलं होतं. "मंदबुद्धी आहे असं लिहून द्या. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, मॅडम!"

म्हटलं, सर, असं मला लिहून देता येणार नाही. ते खरं नाही. प्रमाणपत्र दवाखान्यातून मिळतं. मुलीचं नेमकं कुठं अडतंय ते बघायचं, तपासणीला पाठवायचं, शिकवण्यात काय बदलायचं ते शाळेला सांगायचं — माझं काम ते.

"आणि शाळेचं कोण बघणार?"

मी तरीही नाहीच म्हणाले. म्हणाले बाई!

८ जुलै

तपासणीला आईवडिलांची परवानगी हवी. वडील पुंजाराम इथल्याच एका कंपनीत ठेकेदाराकडं आहेत. फोनवर म्हणाले, "शिकत नसंल तर उजवून टाकू मॅडम, स्थळं यायलीत." चौदा वर्षांची पोर! कायदा सांगितला. जरा रागानंच सांगितला.

आई आशाबाई मेंढरांमागं असते. कितीदा निरोप धाडला, शाळेकडं फिरकत नाही. एवढी कशी बेफिकीर ही बाई?

११ जुलै

शेवटी मीच गेले. पैठण रोड सोडून आत, माळावर. आशाबाईंच्या काखेत लंगडणारं कोकरू. तपासणीची माहिती छापलेला कागद पुढं केला, तर हात मागं घेतला. "कागद ऱ्हाऊ द्या. तोंडानं सांगा."

तोंडानं सांगितलं. सुई नाही, औषध नाही, नुसती कोडी घालतात, वाचून घेतात. वेड्याचा डॉक्टर नाही.

"अन् मग हिला शाळंतून काढत्याल?"

"नाही. मी काढू देणार नाही."

आशाबाईंनी कोकरू खाली सोडलं. मग, "येते मी बी दवाखान्यात." गोदाच्या बापाला कसं पटवणार, ते मात्र सांगितलं नाही.

५ ऑगस्ट

घाटी दवाखान्यातून तपासणीचा अहवाल आला. बुद्धी सरासरीच्या वर! अडचण फक्त वाचण्या-लिहिण्याची. डिस्लेक्सिया. दहावीला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षात बसून एकटीच हसत होते. रिक्षावाले चाचा म्हणाले, "क्या बात है मॅडम, नोकरी लगी क्या?" म्हटलं, हो! तसंच समजा!

९ ऑगस्ट

नानासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाटलं, आता पुन्हा निकालाचं काढतील. तर म्हणाले, "लेखनिकाचं काय करावं लागतं, ते सांगा." बस, एवढंच. मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मराठीच्या द्वारकाबाई मॅडम आपला रिकामा तास रोज गोदाला देतायत. परातीत वाळू, वाळूत बोटानं भ. 'भ'ची गाठ वेगळी, 'म'ची वेगळी. पुढच्या वर्षी निवृत्त होणार ही बाई, आणि मांडी घालून जमिनीवर बसते पोरीशेजारी!

२० ऑगस्ट

पुंजारामांचा फोन. "स्थळाच्या पाहुण्यांना नाही म्हणून सांगितलं, मॅडम. तिच्या आईनं लई लावून धरलं." आणि फोन ठेवला.

२ सप्टेंबर

गोदानं वर्गात अर्धं पान वाचलं. हळू. अडखळत. कुणी हसलं नाही. किती जणांचे आभार मानू?

१४ सप्टेंबर

आज न बोलावता आशाबाई आल्या. दार लोटून घेतलं. "मॅडम, हे आईकडून लेकराला येतं का?"

आता स्वतःलाच बोल लावून घेतील! तरी खोटं बोलवेना. म्हटलं, येऊ शकतं.

त्या रडल्या नाहीत. "दुसरीत मास्तरनं हाकललं मला. माझी बी अक्षरं हालायची. आजवर कुणाला सांगितलंच नाय."

मग पदर सावरून म्हणाल्या, "उद्यापासून गोदासंगं मी बी बसू का?"